पुलीवरचं तेल

यंत्र खोटं बोलत नाही, बोलतो तो माणूस, असं संदेश भाटकर गेली एकवीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांमधून सांगत आला आहे. हे वाक्य झालं की तो किंचित थांबतो, मुलं टाळ्या वाजवतात आणि मुख्याध्यापक आपणच ते यंत्र असल्यासारखे गंभीर होतात. वास्तविक भाट्याच्या खाडीलगत त्याचं जे गॅरेज आहे तिथे येणारी निम्मी यंत्रं खोटारडी असतात. ज्या इंजिनाची दोरी ओढून ओढून होडीवाल्याचा खांदा निखळायची वेळ आली, ते संदेशच्या बाकावर पहिल्याच झटक्याला गुरगुरायला लागतं, आणि होडीवाला ओशाळून म्हणतो, काल नव्हतं होत हां हे. संदेश मान हलवतो आणि तपासणीचे पैसे घेतो. पण शाळेत हे सांगून चालत नाही. शाळेत बोलवतात ते अंटार्क्टिकात सव्वा वर्ष राहून, वादळात अडकलेल्या दोन माणसांना स्नो स्कूटरवरून जिवंत परत आणणाऱ्या भाटकरांना, आणि त्या भाटकरांच्या तोंडी एखादं भारदस्त वाक्य असावं लागतं.

त्या गुरुवारी सकाळी सव्वाअकराला, बाहेर चौतीस आणि आत उणे सहा अंश असताना, संदेशने एका स्नो स्कूटरच्या बेल्टवरचं झाकण काढलं आणि आतल्या पुलीवर अंगठा टेकवला. अंगठा सरकला. एवढंच झालं. त्याने तो डोळ्यांजवळ धरला. पातळ तेलाचा थर होता, मायेने लावलेला, कडेपर्यंत सारखा. त्याच्या कानांत एकदम काहीतरी बंद झाल्यासारखं वाटलं, होडी खाडीच्या मुखातून बाहेर पडताना वाटतं तसं, आणि आपण इथे कशाला आलो हे त्याला क्षणभर आठवेना. आला होता तो दर्शनच्या बोलावण्यावरून. दर्शनची गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर दोन हॉटेलं होती. तिसरं बांधण्याऐवजी त्याने पत्र्याची एक प्रचंड शेड उभी केली, तिच्यात शीतगृहाची यंत्रं बसवली, बर्फ पाडला आणि बाहेर ‘हिमनगरी’ अशी पाटी लावली. कोकणात आलेल्या माणसाला समुद्राचा कंटाळा येतो, हे त्याचं निरीक्षण होतं. शनिवारी उद्घाटन होतं. मनालीहून जुनी स्नो स्कूटर ट्रकने आणवली होती आणि ती इंजिन चालू होऊनही जागची हलत नव्हती. इंजिन ओरडे, धूर निघे, करपलेल्या रबराचा वास सुटे आणि गाडी तिथेच. धुरासाठी भिंतीत दोन मोठे पंखे बसवले होते. ते लावले की धुराबरोबर थंडीही बाहेर जायची, म्हणून ते लावत नसत.

“काय निघालं, भाटकर सर?” दर्शनने विचारलं. त्याने अंगात जाड जॅकेट आणि खाली बर्म्युडा घातली होती.

“पुलीला तेल लागलंय.”

“लागलंय नाय, मी लावलंय,” मागून विठूकाका म्हणाला. विठूकाका म्हणजे मिरकरवाड्यातला जुना इंजिनवाला. वय सत्तरीकडे झुकलेलं, डोक्याला माकडटोपी. दर्शनने त्याला देखभालीला ठेवला होता. “पावसाच्या आधीपासून ही मागल्या पडवीत पडून. लोखंड असं उघडं ठेवतात काय? मी नसतो तर तुमची ही घसरगुंडी गंजून खाली गळली असती, शेट.”

“त्याने काय होतं पण?” दर्शनने संदेशलाच विचारलं.

संदेशने सांगितलं. या गाडीला चाकं नसतात. पुढे दोन पाट्या, मागे रबराचा रुंद पट्टा. इंजिनाची ताकद पट्ट्यापर्यंत नेणारा एक बेल्ट असतो. तो दोन पुल्यांच्या कोरड्या अंगाला घट्ट धरून फिरतो. धरायची जागा गुळगुळीत झाली की बेल्ट नुसता घासत राहतो. म्हणून या गाडीत सगळीकडे तेल-ग्रीस चालतं, फक्त इथे नाही.

“मग आता?”

“आता पुसायचं.”

“बस?”

“बस.”

त्याने पिशवीतून धुतलेल्या मलमलचं फडकं काढलं, त्यावर थिनर घेतलं आणि पुसायला लागला. विठूकाका शेजारी उकिडवा बसून बघत होता. शिष्याने चूक काढली याचं त्याला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. शिष्यच चुकत असणार याबद्दल त्याची खात्री होती. “संद्या,” तो म्हणाला, “तिकडं तुमच्या त्या बर्फात गंज धरत नव्हता काय रे?”

“नाही, काका. हवा कोरडी असते. उघडा टाकलेला डबा वर्षानुवर्षं चकचकीत राहतो.”

“मग तू लावत नव्हतास ना तेल?”

“नाही,” संदेश म्हणाला.

दर्शनने तेवढ्यात फोन खिशात टाकला आणि म्हणाला, “सर, एक सरप्राइज होतं, पण आता सांगूनच टाकतो. तुम्ही वाचवलेले ते देशकर सर. त्यांना नागपूरहून बोलावलंय. उद्या येतात. शनिवारी अकराला तुम्ही दोघं स्टेजवर, मागे ही गाडी. पेपरवाले येतायत. कसं वाटतं?”

छान वाटतं, असं संदेशने सांगितलं. फडकं त्याच जागेवरून तिसऱ्यांदा फिरत होतं.

सोळाव्या वर्षी तो विठूकाकाच्या हाताखाली लागला तेव्हा पहिलं वर्षभर त्याला काकाने इंजिन खोलू दिलं नव्हतं, फक्त तेल लावू दिलं होतं. मे महिना उतरणीला लागला की ते काम सुरू व्हायचं. विहिरीवरच्या पंपाची दांडी, कोयते, विळ्या, फाटकाच्या बिजागऱ्या, कोणाच्या तरी आजीचं शिवणयंत्र, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांची इंजिनं. लोखंड दिसलं की फडकं फिरवायचं. लोखंड आणि म्हातारा माणूस कोरडा ठेवू नये, असं काका म्हणायचा. पुढचे चार महिने हवाच पाण्याची असे, कपाटातल्या चपलांना बुरशी यायची, काडी ओढली तर नुसता मेणचट ओरखडा उमटायचा. ज्याने तेल लावलं नाही त्याची वस्तू गणपतीनंतर लाल भुकटी होऊन निघायची. संदेश पुढे मुंबईला गेला, माझगावला एका इंजिन कंपनीत लागला, तिथे त्याला टू-स्ट्रोक इंजिनांचा चांगला हात म्हणून नाव मिळालं. पण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा तो हात आपोआप चिंधी शोधायचा. खोलीवरचे भागीदार हसायचे. त्यांच्या सुटकेसांच्या कड्यांनाही त्याने तेल लावून ठेवलेलं असायचं. मग एकदा अंटार्क्टिकाच्या मोहिमेवाल्यांना स्नो स्कूटर सांभाळायला माणूस हवा झाला आणि कंपनीने त्याला पाठवला. जाण्याआधी मनालीला पंधरा दिवसांचं शिक्षण होतं. शिकवणारा माणूस मितभाषी होता. रोज सकाळी प्लग, दुपारी पट्ट्याचा ताण, संध्याकाळी दाल. पूर्ण पंधरवड्यात तो एकच वाक्य तीनदा बोलला: पुली सूखी रखना. संदेशने ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. वही अजून माळ्यावर आहे. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच त्याने ठेवलेली नव्हती.

तिकडे मार्चच्या सुरुवातीला वादळ आलं आणि तीन आठवडे राहिलं. दोन स्कूटर शेडमध्ये उभ्या होत्या. वाऱ्याने पत्रा रात्रंदिवस थडथडत होता, आणि तो आवाज कितीही समजूत घातली तरी पावसाचा वाटायचा. अंथरुणात पडल्यापडल्या संदेशला घरच्या कौलांवरचं पाणी ऐकू यायचं, ओल्या गोणपाटाचा वास यायचा, आणि मग तो वास शेडमधल्या गाड्यांना यायचा. पाचव्या का सहाव्या दिवशी तो जनरेटर बघायला म्हणून गेला, येताना शेडमध्ये शिरला, पहिल्या स्कूटरचं झाकण काढलं आणि पुलीवर तेलाचं फडकं फिरवलं. हे करताना त्याला सगळं ठाऊक होतं. वहीतल्या दोन रेघासुद्धा दिसत होत्या. पण हाताला बरं वाटत होतं. वादळ थांबलं की पुसून टाकू, असं त्याने मनात म्हटलं, आणि तो जाऊन शांत झोपला. वादळ थांबलं ते एका पहाटे अचानक, आणि ज्याला पुसायचं होतं तो जनरेटरखाली दुरुस्तीला आडवा पडलेला असताना डॉक्टर देशकर वायरलेसवाल्याला मागे बसवून तीच स्कूटर घेऊन गेले. देशकर हिमनदीवाले शास्त्रज्ञ. अकरा किलोमीटरवर बर्फात त्यांनी खांब रोवले होते, त्यांची मापं घ्यायची होती. तीन आठवडे मापं न घेतलेल्या शास्त्रज्ञाला थांबवता येत नाही. संदेश हात पुसत बाहेर आला तेव्हा बर्फावर पट्ट्याची ताजी खूण होती, सरळ, दक्षिणेकडे गेलेली. ती खूण त्याला अजून दिसते. वाटेवरच्या ओल्या रेतीत होडी ओढल्याची खूण दिसली तरी दिसते.

दुपारी दीडला वायरलेसवर आवाज आला की गाडी बंद पडली आहे, बेल्ट सरकतोय. तळप्रमुखाने संदेशकडे पाहिलं. वारा पुन्हा उठत होता. मी जातो, असं संदेश म्हणाला, आणि ते इतक्या तत्परतेने म्हणाला की पुढे मिळालेल्या प्रमाणपत्रावर नेमकं त्याच तत्परतेचं कौतुक आलं. दुसरी स्कूटर काढून, मागे घसरगाडी बांधून, वाटेत खुणेसाठी ठेवलेल्या पिंपांवरचे बावटे शोधत तो साडेतीन तास गेला. हे साडेतीन तास तो शाळेत पंचवीस मिनिटांत सांगतो. त्यात वारा आहे, डोळ्यांच्या पापण्यांवरचा बर्फ आहे, मध्येच दिसेनासा झालेला बावटा आहे, आणि तिरंगा आहे, जो प्रत्यक्षात तळावर होता पण मुख्याध्यापकांना वाटेत हवा असतो. फक्त साडेतीन तास तो स्वतःशी काय म्हणत होता ते नाही. तो म्हणत होता, मरू नका रे, मरू नका. हे प्रार्थनेसारखं ऐकू येतं, पण त्याचा सूर, मरायचं तर माझ्या तेलाने मरू नका, असा होता. ते मेले नाहीत. गाडीच्या आडोशाला एकमेकांना बिलगून बसलेले सापडले. इंजिन चालू ठेवून ऊब घेत बसलो, पेट्रोल संपेपर्यंत, असं देशकरांनी सांगितलं. त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आणि तळावरच्या डॉक्टरांनी ती काढली. बंद पडलेली स्कूटर चार दिवसांनी मोठ्या गाडीने ओढून आणली. संदेशने शेडचं दार आतून लावलं, पुली पुसली, चिंधी न बघता शेगडीत टाकली, बेल्ट बदलला, रिकामी टाकी भरली. अहवालात ‘अतिथंडीमुळे बेल्ट निकामी’ असं आलं. खाली त्याची सही होती.

तेव्हापासून तो वाचवणारा माणूस आहे. परतल्यावर स्टेशनवर ढोल होते. नगरपालिकेने शाल दिली, ज्ञातीने दुसरी शाल दिली, आणि मुंबईची नोकरी सोडून त्याने गॅरेज काढलं तेव्हा लोक इंजिन दुरुस्त करून घ्यायला कमी आणि त्याचे हात बघायला जास्त येत. पहिली दोन वर्षं त्याला वाटायचं की एक दिवस भाषणाच्या मध्येच आपण सांगून टाकू. मग सांगायला उशीर झाला, मग उशीर झाला हे सांगायचं राहिलं, मग त्या गोष्टीला एक जागा मिळाली, घरात अडगळीच्या खोलीला असते तशी. तिथे कोणी जात नाही, पण तिच्यामुळे बाकीच्या खोल्या नीट राहतात. खरं तर तो चांगला मेकॅनिक झाला तो तिच्यामुळेच. एकही काम तो दोनदा तपासल्याशिवाय देत नाही. होडी समुद्रात गेली की ती परत येईपर्यंत दुपारचं जेवण त्याच्या घशाखाली नीट उतरत नाही. लोक याला सचोटी म्हणतात. आणि दर मे महिन्यात तो नागपूरला देशकरांच्या पत्त्यावर हापूसची एक पेटी पाठवतो. आंबे स्वतः निवडतो, गवतात स्वतः रचतो, चिठ्ठी घालत नाही. देशकरांचा फोन येतो, दोन वाक्यांचा. पोचली पेटी. बरे आहात न. त्या आवाजात काहीतरी अवघडलेलं असतं, आणि संदेशला वाटतं, कृतज्ञतेने अवघडलेला हा माणूस, आणि आपण. पुढचे चार दिवस तो कोणाशी बोलत नाही. वेदिकाला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटतं की आंबे संपत आल्याने होत असेल.

शुक्रवारी संध्याकाळी ती ओट्याशी सुरमईचे तुकडे करत होती आणि तो दारात उभा होता. पाण्याला मीठ-हळदीचा वास होता. देशकर दुपारीच दर्शनच्या हॉटेलात उतरले होते. भेटायला ये, असा निरोप होता, आणि हा गॅरेजात जास्तीचं काम काढून बसला होता.

“उद्या कुठला शर्ट घालताय?” तिने विचारलं.

“वेदिका, समजा एखाद्याने चूक केली आणि मग ती निस्तरायला तोच धावला, तर तो कोण?”

“नवरा,” ती म्हणाली.

तो हसला नाही, तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. “काय झालंय? गुरुवारपासून बघतेय मी. भाषणाची धास्ती घेतलीय का? अहो, पाठ आहे तुम्हाला ते. मलासुद्धा पाठ आहे. फक्त एक करा, डावा पाय म्हणताना दरवेळी उजवीकडे बघता तुम्ही. उद्या तो पाय शेजारीच बसलेला असेल.”

“हो,” तो म्हणाला. त्याला तिला सांगायचं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं, साधं, पाच-सहा शब्दांचं. पण त्यापुढे तिला एकवीस वर्षांतल्या प्रत्येक गोष्टीकडे मागे वळून बघावं लागलं असतं. लग्न जमवताना तिच्या वडलांनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं होतं. सानिका, त्यांची मुलगी, कॉलेजच्या अर्जात आजही ‘वडलांचा परिचय’ या रकान्यात एक ओळ जास्त लिहिते. तो म्हणाला, निळा घालतो. पण त्या वेळी, ओट्यावरच्या पाण्यात माशाचं रक्त पातळ होत जाताना बघत, त्याने ठरवलं की उद्या सांगायचं. आधी देशकरांना, मग माईकवर. पेपरवाले येणार होते ते एका दृष्टीने बरंच होतं. ठरवल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी जिना उतरताना शेवटची पायरी नाहीच असं कळतं तेव्हा होतं तसं झालं आणि ते शनिवारपर्यंत राहिलं.

शनिवारी साडेनवाला तो हिमनगरीत पोचला तेव्हा देशकर आधीच आत होते. अडुसष्ट वर्षांचा सडसडीत माणूस, भाड्याचं लाल जॅकेट, पायात मात्र स्वतःचेच बूट. आतले गमबूट नको म्हणाले होते, डावा बसत नाही. बाहेर मंडपवाले खुर्च्या लावत होते, दर्शन माईकमध्ये हॅलो हॅलो करत होता. आत दोघंच. बर्फ वीतभर, खाली प्लायवूड, भिंतीवर रंगवलेला डोंगर आणि त्यावर दोन पेंग्विन, ज्यांतला एक हात जोडून उभा होता.

“काय भाटकर,” देशकर म्हणाले, “काल दिवसभर वाट पाहून राहिलो. आलाच नाहीस न.”

“काम होतं, सर.”

“असेल, असेल. गाडी चालू झाली?”

“झाली. बेल्ट चढवायचा राहिलाय फक्त.”

तो गाडीजवळ बसला. बेल्ट हातात घेतला, तो कोणत्या बाजूने फिरायचा ते दाखवणारा बाण बघितला, आधी खालची पुली दाबून फाकवली, बेल्ट आत सोडला, मग वरच्या पुलीवर ओढून घेतला. हे काम डोळे मिटूनही होतं. ते करताना, वर न बघता, त्याने सांगायला सुरुवात केली. वादळ, पत्र्याचा आवाज, फडकं. वहीतल्या दोन रेघाही सांगितल्या, कारण त्या वगळल्या असत्या तर ते सांगणं शाळेतल्यासारखंच झालं असतं. शेडचं दार आतून लावल्याचं सांगितलं. अहवालातली सही सांगितली. “तुमची बोटं माझ्यामुळे गेली, सर. आज मी हे बाहेर सगळ्यांसमोर सांगणार आहे. आधी तुमच्या कानावर घालावं म्हणून.”

बाहेर दर्शन म्हणाला, हॅलो, माईक टेस्टिंग. देशकरांच्या तोंडातून वाफ येत होती. मग ते गाडीच्या सीटवर हळूच टेकले, डावा पाय पुढे पसरून.

“हे तू मला टोमणा मारून राहिलास का?”

“कसला टोमणा?”

“टाकी तूच उघडली असशील न त्या दिवशी. शेडमध्ये.”

“हो. रिकामी होती. तुम्ही इंजिन चालू ठेवून बसला होतात ना.”

“नव्हतो रे बसलो,” देशकर म्हणाले. “इंजिन बंदच होतं. पेट्रोल आधीच संपलं. निघताना टाकी बघायची जबाबदारी नेणाऱ्याची, म्हणजे माझी. मी नव्हती बघितली. डबा होता एक, तोही संपवला. मग कळवायचं काय? शास्त्रज्ञ माणूस, पेट्रोल न बघता गेला? वायरलेसवाला म्हणाला, बेल्ट सांगा सर, बेल्ट कोणाचाही जातो. मला बेल्ट नावाची वस्तू असते हेसुद्धा माहीत नव्हतं. तेल असेल तुझं, मी नाही म्हणत नाही. पण गाडी मस्त पळत होती.”

संदेशचा हात पुलीवर तसाच राहिला. पहिल्या किलोमीटरभरात घासून, गरम होऊन बेल्टने ते पातळ तेल पुसून नेलं असणार. अशक्य नव्हतं. कोणा दुसऱ्याची गाडी असती तर त्याने हे पाच मिनिटांत सांगितलं असतं. शेगडीत टाकलेली चिंधी त्याने बघितली असती तर ती बहुधा कोरडी निघाली असती. त्याला राग आला नाही, हायसंही वाटलं नाही. अडगळीच्या खोलीचं दार उघडलं तर आत शेजाऱ्याचंच सामान होतं, असं काहीसं झालं. एकवीस वर्षं झोप मोडली ती आपली, दुपारची जेवणं गेली ती आपली, सचोटी आपली, आणि मूळ गुन्हा दुसऱ्याच्या नावावर. त्याला आपलं काही तरी कोणी काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि ते परत मागायची सोय नव्हती.

“मला वाटायचं तुला माहीत आहे,” देशकर म्हणत होते. “आणि मोठ्या मनाने गप्प आहेस. वायरलेसवाला गेला पाच वर्षांपूर्वी, तोही तेच म्हणायचा. दर मे महिन्यात तुझी पेटी यायची. चिठ्ठी नाही, काही नाही. म्हटलं, हा दरवर्षी आठवण करून देऊन राहिला. बायको म्हणायची आंबे गोड आहेत. मला तर आजवर एक नाही गेला घशाखाली.”

“एकही नाही?”

“शेजारी देतो.”

संदेशने झाकण लावलं, खिट्टी बसवली. हात थंडीने बधिर झाले होते. विठूकाका दार ढकलून आत आला, माकडटोपीवर आज फेटा बांधलेला. “संद्या, शेट बोलावतोय. आणि हे बघ, बेल्टला तेल नाय लावलंय मी, पण पुढच्या पाट्यांना लावलंय. ते तरी चालतंय ना?” चालतंय, काका, असं संदेश म्हणाला, आणि काका समाधानाने बाहेर गेला.

“आज काय सांगायचं मग?” संदेशने विचारलं.

देशकर उठत होते. उठायला त्यांना गाडीच्या हँडलचा आधार घ्यावा लागला. “तू ठरव. माझं नाव घ्यायचं तर घे. अडुसष्ट वर्षांचा आहे मी, माझं काय जातं.” हँडल सोडत ते म्हणाले, “जावई आहेत बाहेर. गाडीने घेऊन आले, मोठ्या कौतुकाने. ते सोड.”

ते दाराकडे निघाले. जाड पडद्याच्या पट्ट्यांतून बाहेरची गरम, दमट हवा आत येत होती आणि उंबऱ्यापाशी बर्फाचं पाणी झालं होतं. आज कोणाचं नाव घ्यायचं नाही हे संदेशला तिथवर पोचेपर्यंत कळून चुकलं होतं. तीच पंचवीस मिनिटं, तोच बावटा, तोच वारा. फक्त ‘अतिथंडीमुळे बेल्ट निकामी’ हे वाक्य आता त्याला दुसऱ्यासाठी म्हणायचं होतं, आणि ते नेहमीपेक्षा अवघड जाणार नव्हतं. एकच हिशेब त्याच्यातल्या मेकॅनिकला जुळत नव्हता. टाकी त्या वादळाआधी त्याने स्वतः निम्म्याहून वर ठेवली होती, शिवाय डबा. अकरा किलोमीटर जाऊन यायला तेवढं पुष्कळ होतं.

“सर, तेवढ्या अंतरात पेट्रोल संपलं कसं?”

देशकरांनी मागे बघितलं. “खांबांवरून पुढे गेलो होतो, परत खांबांशी येईतो संपलं. आणखी खूप पुढे, तिथे बर्फाचा एक निळा कडा आहे. माझ्या साळ्याचं सीताबर्डीला साड्यांचं दुकान होतं. त्याने बॅनर दिला होता, अंटार्क्टिकात धरून फोटो काढा म्हणून. त्याला मोठा करून दुकानात लावायचा होता. तळावर सगळ्यांसमोर कसा काढणार? म्हणून तिथवर गेलो. वाऱ्यात बॅनर धरता धरता तासभर मोडला.”

“मग लावला का दुकानात?”

“नाही,” देशकर म्हणाले. “कॅमेऱ्यात रोल नव्हता.”